चिकूच्या बागेतली जांभळी पट्टी

धायरीत हल्ली बागा कमी आणि नावात ‘गार्डन’ असलेल्या सोसायट्या जास्त. अशाच एका सोसायटीच्या भिंतीला लागून प्रेमलाबाईंची चिकूची बाग आहे. फार मोठं प्रस्थ नाही, दीडेक एकराचा तुकडा. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक अजून ‘चिकूच्या बागेपाशी’ असंच सांगतात. सोसायटीतल्या बायका बाल्कनीतून बागेचे फोटो काढतात, आणि खाली पालापाचोळा पेटवला की त्याच बायका धुराची तक्रार करतात. प्रेमलाबाई दोन्ही गोष्टी मनावर घेत नाहीत.

चिकू उतरले की त्या स्वतः सिंहगड रस्त्याला टोपली घेऊन बसतात. घरात गाडी आहे, मुलगा आयटीत आहे, बसायची काही गरज नाही. पण घरी बसून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक विचारतं, “गोड आहेत का?” त्या म्हणतात, “खाऊन बघा.” “तुम्ही खाल्लेत ना?” असं कुणी विचारलं तर मात्र त्या वजनकाट्याकडे बघतात. आपल्या बागेतला चिकू त्यांनी चाळीसेक वर्षांत तोंडाला लावलेला नाही. गावात समज असा, की बाईंनी कसलं तरी व्रत धरलंय. धायरीतल्या जुन्या लोकांना दुसऱ्याच्या घरातलं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं त्याला ते व्रत म्हणून मोकळे होतात.

व्रत वगैरे काही नव्हतं. प्रेमलाबाईंची पहिली मुलगी त्या बागेत होती, आणि नेमकी कुठल्या झाडाखाली, ते त्यांना माहीत नव्हतं.

मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. एवढ्याशा बाळाला जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात मीठ घालतात, माती लोटतात आणि जागेवर खूण ठेवत नाहीत. आईला तिथं नेत नाहीत, नंतर सांगतही नाहीत. सांगितलं तर तिचा जीव तिथं गुंतून राहतो, पुढचं मूल होत नाही, असं म्हणायचे. हे नियम करणारी माणसं बाळंतिणीच्या बाजेवर कधी निजली नव्हती, एवढं उघड आहे.

प्रेमलाबाई त्या संध्याकाळी बाजेवर होत्या. दार लोटलेलं होतं. मागच्या अंगणात पुरुष परत आल्याचं आणि पाय धुतल्याचं त्यांनी ऐकलं. सासरे, म्हणजे आप्पा, कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होते. सासूबाई आत येऊन एवढंच म्हणाल्या, “आपल्याच मातीत हाय, लांब कुठं न्हाई.” त्यावरून बाग, हे कळलं. तेव्हा झाडं कंबरेएवढीही नव्हती.

नवऱ्याला, संपतरावांना, त्यांनी पुढं एकदाच विचारलं. ते बैलाला वैरण टाकत होते. “कुठं ठेवलं तिला?” संपतरावांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि म्हणाले, “विचारू नको.” त्या दिवशी प्रेमलाबाईंच्या मनात एक गाठ बसली. याला माहीत आहे, आणि हा सांगत नाही. पुढं मुलगा, समर्थ, झाला, घरावर स्लॅब पडला, धायरी महापालिकेत गेली, आप्पा गेले, सासूबाईही गेल्या. नवरा-बायको चांगले राहिले, हसले, भांडले, चारी ठाव जेवले. ती गाठ मात्र सुटली नाही.

बागेत त्यांना भर दुपारी ऐकू यायचं. चिकूची सावली दाट असते, खाली ऊन पोचत नाही, आणि त्या थंडाव्यात कुठूनतरी उचकी लागायची. रडणं नाही, नुसती उचकी, दूध पाजल्यावर तान्ह्याला लागते तशी. लागायची आणि थांबायची. आता कुणी म्हणेल, ठिबकच्या नळीतली हवा असेल. असेलही. पण बागेत ठिबक यायच्या आधीपासून ती लागत होती. प्रेमलाबाई त्या दिशेनं जायच्या, तोवर ती दुसरीकडून यायची. म्हणून त्या बागेत चालायच्या त्या जपून, वाफ्याच्या कडेकडेनं. एखादं वाळलेलं झाड काढायचं ठरलं की खड्डा खणताना त्या तिथं जाऊन उभ्या राहायच्या. गड्यांना वाटायचं, मालकीण कामावर लक्ष ठेवते.

दोन वर्षांपूर्वी संपतराव गेले. शेवटी दवाखान्यात त्यांची वाचा गेली होती. प्रेमलाबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा तेच विचारलं. त्यांनी डोकं हलवलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मरताना सुद्धा याला सांगवेना, असा राग प्रेमलाबाईंना आला. नवऱ्याच्या दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, तेव्हा त्यांना मनातून बरंच वाटलं. हे वाईट आहे, हे त्यांना कळत होतं. तरी वाटलं.

मग समर्थनं विषय काढला. समर्थ खराडीला नोकरीला. धायरीहून खराडीला रोज जाऊन येणाऱ्या माणसाला बागेत रमायला कधी वेळ मिळणार, हा प्रश्नच आहे. त्याचं म्हणणं रास्त होतं. पूर्ण बाग सांभाळणं होत नाही, सगळी विकणंही जिवावर येतं. तर निम्मी बिल्डरला द्यायची आणि निम्मी नीट जोपासायची. कुठली निम्मी, हे जमीन तपासून ठरवायचं. जिथली माती चांगली ती ठेवायची. प्रेमलाबाई म्हणाल्या, “तुला योग्य वाटंल ते कर.” आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. विकलेल्या निम्म्यात पोकलेन येणार होता. हल्ली नुसता पाया खणत नाहीत. पार्किंगसाठी दोन मजले खाली जातात, आणि माती डंपरमध्ये भरून कुठं नेऊन टाकतात ते कुणी विचारत नाही. मुलगी कुठल्या निम्म्यात होती?

माती तपासायला हडपसरच्या एका खासगी प्रयोगशाळेतून रुपाली आली. वाशीमकडची पोर, दुचाकीवर मागं माती काढायचं गिरमिट आणि प्लास्टिकची घमेली बांधून, डोक्याला ओढणी गुंडाळून आलेली. समर्थ कामावर होता, म्हणून प्रेमलाबाईच तिच्याबरोबर फिरल्या. रुपाली झाडाच्या घेराच्या कडेला पाला बाजूला सारायची, गिरमिट फिरवायची, माती घमेल्यात ओतायची, ढेकळं हातानं फोडून कालवायची, मग तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकून द्यायची. उरलेली पुडीत, पुडीवर झाडाचा नंबर, आणि मोबाइलमध्ये जागेची नोंद.

“आमच्याकडं सगळ्या झाडांना एकाच मापानं खत घालत्यात,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“सगळीकडे तसंच करतात काकू. आमच्याकडे संत्र्याच्या बागांमध्ये पण. एक झाड उपाशी राहते, दुसऱ्याला अजीर्ण होते. म्हणून तर नकाशा करायचा. कुठे काय आहे ते रंगात दिसते, मग तेवढंच द्यायचं.”

“जमिनीत आधी कुणी काय घातलंय, ते पण कळतं?”

“बरंचसं कळते.”

रुपालीनं पुढच्या झाडाखाली गिरमिट लावलं. तो पोलादी स्क्रू मातीत उतरताना बघून प्रेमलाबाईंना तिचा हात धरावासा वाटला, पण थांब म्हणायला कारण काय सांगणार? शेवटी त्यांनी विचारलं, “मीठ घातलेलं कळतं का गं? लई जुनं?”

“मीठ? शेतात?” रुपाली हसली, मग बाईंचा चेहरा बघून हसू आवरलं. “नाही काकू. मीठ पावसाने धुऊन जाते. एवढ्या वर्षांत कुठचं राहते.”

धुऊन जातं. ठीक आहे. प्रेमलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि रुपालीला चहा विचारला.

नकाशा पुढच्या आठवड्यात आला. रुपालीच घेऊन आली, शनिवारी, समर्थ घरी असताना. जेवणाच्या टेबलावर तिनं रंगीत कागद पसरले. नत्राचा वेगळा, पालाशचा वेगळा, स्फुरदाचा वेगळा. बाग तीच, रंग निराळे. पश्चिमेकडची काळी माती सगळीकडे हिरवी, म्हणजे बरी. पूर्वेकडची, रस्त्याच्या बाजूची, फिकट पिवळी. तिथं पूर्वी टेकाड होतं, आप्पांनी ते फोडून सपाट केलं होतं, त्यामुळे वरच मुरूम. समर्थ खूश झाला. बिल्डरच्या एजंटलाही रस्त्याकडचीच बाजू हवी होती. माती आणि बाजार, दोघांचं एकमत.

स्फुरदाच्या नकाशात मात्र त्या पिवळ्या बाजूला एक गडद जांभळी पट्टी होती. उभी, वरपासून खालपर्यंत, एका ओळीपुरती. तिच्या दोन्ही अंगांना पुन्हा पिवळं.

“हे मला आधी चूक वाटलं,” रुपाली म्हणाली. “म्हणून मी त्या ओळीची माती पुन्हा तपासली. तेच आलं. या एका ओळीला कुणीतरी वर्षानुवर्षं सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, घातलंय. शेजारच्या झाडांना नाही, फक्त हिलाच. नत्र टाकलं तर उडून जाते, वाहून जाते. स्फुरद जागचं हलत नाही. जिथे टाकाल तिथेच बसून राहते.”

“बाबाच,” समर्थ म्हणाला. “दुसरं कोण? आणि त्याच ओळीची पानं पिवळी, फळ बारीक. एवढं खाऊ घालून ही तब्येत.”

“जास्त झालं म्हणूनच. स्फुरद फार झालं की झाडाला जस्त आणि लोह मिळत नाही. यात लिहिलंय पाहा, या ओळीला आता काही वर्षं स्फुरद अजिबात द्यायचं नाही.”

“ती ओळ जाणारच आहे. देणार कोण?” समर्थ कागद गोळा करत म्हणाला.

प्रेमलाबाई कागदाकडे बघत राहिल्या होत्या. त्यांना एक ठिपका हवा होता. नवऱ्याला जागा माहीत होती, तर त्यानं एका झाडाशी काहीतरी केलं असणार, आणि ते एक झाड कागदावर दिसणार, असं त्यांनी आठवडाभर मनात धरलं होतं. ही तर अख्खी ओळ होती. एका बाळाला एवढी जागा कशाला लागते? त्यांनी सुनेला, राजनंदिनीला, जरा पाय मोकळे करून येते असं सांगितलं आणि चपला घातल्या.

संपतरावांबरोबर बागेत वीस-पंचवीस वर्षं राबलेला गेनबा आता एका सोसायटीच्या गेटवर बसायचा. अंगात निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. येणाऱ्या गाड्यांचे नंबर त्याला लिहायचे असत, आणि त्याला लिहिता येत नसल्यामुळं त्या सोसायटीची सुरक्षा पूर्णपणे त्याच्या भिवयांवर अवलंबून होती. प्रेमलाबाईंना बघून तो उठला आणि खुर्ची पुढं केली.

“गेनबा, रस्त्याकडच्या वळीला मालक सुपर घालायचे?”

गेनबानं शिट्टी चाचपली. “घालायचे की. मीच घालायचो त्यांच्यासंगं. दरसाल सर्वपित्रीला.”

सर्वपित्री अमावास्या. गेलेल्या सगळ्यांना पान वाढायचा दिवस. बिननावाच्या तान्ह्यांना मात्र पान वाढत नाहीत. त्यांचं श्राद्ध नसतं. प्रेमलाबाई खुर्चीवर बसल्या.

“सगळ्या वळीला का? एका झाडाला का न्हाई?”

“त्येच मी बी इचारलं होतं वैनी. म्हणलं मालक, खत वाया चाललंय, नेमकं कुटल्या झाडाला घालायचं त्ये सांगा. तर म्हणले, मला म्हाईत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं, मीच घातलं नसतं का.” गेनबा गेटकडे बघत बोलत होता. “त्यांना कुटं कुनी नेलं हुतं? ते औषद आनाया स्वारगेटला गेल्याले. बाटली घिऊन आले तवर आप्पांनी समदं उरकलं हुतं. आप्पा म्हणले, झालं, आता इचारायचं न्हाई. मालकांनी काय केलं, आप्पांच्या पायाकडं बघितलं. धुवायच्या आदी. पायाला तांबडा मुरूम हुता. आन तवा झाडं लावल्याली त्यातली मुरमावर ती येकच वळ हुती. बाकीची मागनं लावली. तेवढ्यावरनं धरलं त्यांनी. मला म्हणायचे, सगळ्यांना घाल गेनबा, येकाला तरी पोचंल.”

एक मोटार आली. गेनबानं भिवया उंचावल्या, ड्रायव्हरनं मान हलवली, गाडी आत गेली. प्रेमलाबाई उठल्या नाहीत. चाळीस वर्षं ज्याच्यावर त्या रागावल्या होत्या, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दवाखान्यात त्यानं डोकं हलवलं होतं ते ‘नाही सांगत’ म्हणून नव्हे. ‘माहीत नाही’ म्हणून हलवलं होतं. ‘विचारू नको’ म्हणाला तेव्हाही तेच. बायकोच्या मनात एवढा तरी धीर राहावा, की आपल्या नवऱ्याला ठाऊक आहे, म्हणून तो ठाऊक असलेल्या माणसासारखा वागत राहिला. त्यांना त्या माणसाची इतकी दया आली, की त्याच्यासाठी रडावं की लेकीसाठी, हे कळेना.

परत येताना त्या घरात न जाता बागेत गेल्या. रस्त्याकडची ती ओळ त्यांनी पहिल्यांदा नीट बघितली. पानं पिवळी पडलेली, शेंडे वाळलेले, बुंध्यांशी पाल्याचा थर. खोपीत सुपरचं फुटलेलं एक पोतं पडून होतं. प्रेमलाबाईंनी त्यातली मूठभर घेतली, आणि मग त्यांना रुपालीचं बोलणं आठवलं. या ओळीला आता द्यायचं नाही. बापानं इतकं दिलं होतं, की आईच्या वाट्याची मूठभर जागा मातीत शिल्लक नव्हती. त्यांनी मूठ पुन्हा पोत्यात सोडली आणि हात पदराला पुसले. तेवढ्यात उचकी लागली. कुठल्या झाडापासून, ते याही वेळी कळलं नाही. पण या वेळी ओळ सोडून ती कुठं गेली नाही. प्रेमलाबाई तिथंच मातीवर बसल्या आणि ती थांबेपर्यंत बसून राहिल्या.

एजंट दुसऱ्या दिवशी, रविवारी, येणार होता. त्या संध्याकाळी समर्थ लॅपटॉप घेऊन बसला असताना प्रेमलाबाई त्याच्यासमोर येऊन म्हणाल्या, “रस्त्याकडची बाजू द्यायची न्हाई. माझी सही मिळायची न्हाई.”

“आई, विषय काढला तेव्हा तूच म्हणालीस ना, तुला योग्य वाटेल ते? ती माती खराब आहे. आणि त्यांना तीच बाजू पाहिजे, दुसरी ते घेणार नाहीत. म्हणजे व्यवहारच मोडेल. कारण तरी सांग.”

त्यांनी कारण सांगितलं. उचकीचं सोडून सगळं सांगितलं. बाज, लोटलेलं दार, मीठ, मुरूम लागलेले आप्पांचे पाय, सर्वपित्री. सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, इतक्या वेळा त्यांनी ते मनात म्हटलं होतं. समर्थनं लॅपटॉप मिटला.

“मला कधी कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला. त्याला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“मला तरी कुठं कुणी सांगितलं?”

“नाव काय होतं तिचं?”

“बारसंच झालं न्हाई.”

समर्थ उठून गॅलरीत गेला. तिथून बाग दिसते. राजनंदिनी त्याच्यामागं जायला निघाली, तर प्रेमलाबाईंनी तिला हातानंच थांबवलं. तो आत आला, जेवला आणि झोपायला गेला. त्यानं काय ठरवलं हे प्रेमलाबाईंना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

रविवारी एजंट आला. पांढरे बूट, हातात प्लॅनची गुंडाळी, तोंडात ‘दादा’ आणि ‘मावशी’. त्यानं टेबलावर प्लॅन उघडला आणि चारी कोपऱ्यांवर घरातलीच भांडी ठेवली. रस्त्याकडच्या बाजूला त्यानं एक मोठा चौकोन लाल पेनानं आखून आणला होता. प्रेमलाबाई चहा करायला आत गेल्या, कारण त्यांना तो चौकोन बघवत नव्हता.

“ही बाजू नाही देता येणार,” समर्थचा आवाज आला. “पश्चिमेची घ्या, नाहीतर राहू द्या.”

“दादा, असं काय करता? रस्ता इकडं आहे. अडचण काय आहे ती सांगा, आपण काढू.”

“ही बाजू माझ्या बहिणीच्या वाट्याची आहे.”

“बहीण?” एजंटनं कागद चाळल्याचा आवाज झाला. “सातबाऱ्यावर तर तुम्ही आणि मावशी, दोघंच. पण हरकत नाही. ताईंशी मी बोलतो, हक्कसोड करून घेऊ. बायका शक्यतो अडवत नाहीत. पुण्यातच असतात का त्या?”

“इथंच असते,” समर्थ म्हणाला.

प्रेमलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. तिच्याबद्दल या घरात कुणी चारचौघांत बोलत होतं, ते पहिल्यांदाच.